लाँगहॉर्न्स खरंच पुढे सरकलेत का, आणि क्वार्टरबॅक कोण हवा होता? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑस्टिनला शिकायला आलेली मुलं, राउंड रॉक आणि सीडर पार्कमध्ये घर घेऊन स्थिरावलेली मंडळी, आणि पुण्या-नागपुरातून व्हिडिओ कॉलवर ‘आज एवढा आरडाओरडा कसला?’ विचारणारे आई-बाबा, या तिन्ही गोटांतून येणारे हे प्रश्न आहेत. विषय टेक्सास विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल संघ, म्हणजे लाँगहॉर्न्स, आणि २०२४ला क्वार्टरबॅक क्विन यूअर्सच हवा होता की त्याच्यामागे बाकावर बसलेला आर्च मॅनिंग, हा वाद. उत्तरं २०२५चा हंगाम संपल्यानंतर लिहिली आहेत. मतं माझी आहेत, आणि ती लपवलेली नाहीत.

कॉलेजच्या पोरांच्या खेळावर अख्खं शहर एवढा जीव का टाकतं?

ऑस्टिनला एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा, संघ नाही. डॅलसला आहे, ह्यूस्टनला आहे. इथे शनिवार म्हणजे लाँगहॉर्न्स. विद्यापीठाच्या आवारातल्या डॅरेल के रॉयल मेमोरियल स्टेडियममध्ये लाखभर माणसं बसतात, आणि मोठ्या सामन्याला ते भरतं. विटकरीकडे झुकणारा भगवा रंग, मैदानाच्या कडेला शांतपणे रवंथ करत बसलेला बीव्हो नावाचा खराखुरा लांब शिंगांचा बैल, आणि तर्जनी-करंगळी वर करून केलेली शिंगांची खूण. आजोबा, आई आणि नातू एकाच विद्यापीठातून शिकलेली घरं इथे पुष्कळ आहेत, त्यामुळे संघाची निष्ठा वारशात मिळते.

आणि ‘पोरांचा खेळ’ हे आता अर्धसत्य राहिलंय. २०२१च्या जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींचे पैसे घेता येतात. २०२५पासून तर विद्यापीठंच वर्षाला साधारण दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंतची रक्कम खेळाडूंमध्ये थेट वाटू शकतात. एवढा पैसा ओतल्यावर लोक हिशेब मागणारच.

क्वार्टरबॅक म्हणजे नेमका कोण? सगळं खापर त्याच्यावरच का?

हल्ल्याच्या वेळी प्रत्येक चाल त्याच्या हातात चेंडू आल्यावर सुरू होते. तो चेंडू फेकतो, धावणाऱ्याच्या हातात देतो किंवा स्वतः घेऊन पळतो. अडीच-तीन सेकंदांत त्याला समोरच्यांची मांडणी ओळखायची, कोण मोकळा आहे ते हेरायचं आणि चेंडू सोडायचा असतो. क्रिकेटमध्ये सलामीवीर शून्यावर गेला तर मागे दहा जण उभे असतात. इथे चुकलेला माणूस पुढच्या चालीला पुन्हा तोच असतो, आणि बाकीचे दहा त्याच्याच भरवशावर.

खापर त्याच्यावर फुटतं कारण चेंडू त्याच्या हातात दिसतो. त्याच्यापुढे उभे राहून भिंत बनणारे पाच धिप्पाड गडी, म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइन, टीव्हीवर सहसा कोणी बघत नाही. माझं सगळं म्हणणं इथूनच सुरू होतं: टेक्सासचे चाहते ज्याला क्वार्टरबॅकचा वाद म्हणतात, तो निम्म्याहून अधिक वेळा या पाच जणांचा आणि प्रशिक्षकाच्या चाली निवडण्याचा वाद असतो.

‘टेक्सास इज बॅक’ म्हटलं की लोक हसतात का?

कारण हे इतक्या वेळा म्हणून झालंय की आता ऐकणाऱ्यालाच लाज वाटते.

४ जानेवारी २००६ला रोझ बोलमध्ये (बोल म्हणजे हंगामाअखेरचा मानाचा सामना) क्वार्टरबॅक विन्स यंगने चौथ्या डाउनवर, म्हणजे दहा यार्ड मिळवायला मिळणाऱ्या चार संधींतल्या शेवटच्या संधीला, १९ सेकंद उरलेले असताना, आठ यार्ड धावत जाऊन सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाला (यूएससी) ४१–३८ हरवलं आणि राष्ट्रीय अजिंक्यपद आणलं. टेक्सासचं शेवटचं अजिंक्यपद ते. त्यानंतर २००९च्या हंगामात पुन्हा अंतिम सामना गाठला, पण अलाबामाविरुद्ध अगदी सुरुवातीलाच क्वार्टरबॅक कोल्ट मकॉयच्या खांद्याला मार बसला. पहिल्या वर्षाचा गॅरेट गिल्बर्ट उतरला आणि सामना ३७–२१ असा गेला. तिथून उतरण लागली. प्रशिक्षक चार्ली स्ट्राँग यांच्या तीन हंगामांत ६–७, ५–७, ५–७ (आधी विजय, मग पराभव).

२०१६च्या पहिल्याच सामन्यात नोत्र दामला ५०–४७ हरवलं तेव्हा समालोचक जो टेसिटोर ओरडले, ‘टेक्सास इज बॅक, फोक्स!’ त्याच हंगामात संघ कॅन्ससकडून हरला आणि स्ट्राँग यांची नोकरी गेली. पुढचे प्रशिक्षक टॉम हर्मन यांच्या काळात १ जानेवारी २०१९ला शुगर बोलमध्ये जॉर्जियाला २८–२१ हरवल्यावर क्वार्टरबॅक सॅम एलिंगरने माइकवर ‘वी आर बॅऽऽक’ अशी आरोळी ठोकली. पुढचा हंगाम ८–५. आता हे वाक्य टेक्सासच्या विरोधकांचं जास्त आवडतं आहे.

हा क्वार्टरबॅकचा वाद आर्च मॅनिंगपासून सुरू झाला का?

छे. तो इथला जुना धंदा आहे. २०००–०१ला क्रिस सिम्स की मेजर ॲपलव्हाइट यावर घराघरांत दोन तट पडले होते. सिम्स म्हणजे एनएफएल गाजवलेल्या फिल सिम्सचा मुलगा, उंचापुरा, गाजावाजा करून आणलेला. ॲपलव्हाइट बुटका, हात बेताचा, पण सामने जिंकवून दिलेला. प्रशिक्षक मॅक ब्राउन यांनी सिम्सला पसंती दिली. २००१ला बिग ट्वेल्व्हच्या, म्हणजे टेक्सासच्या तेव्हाच्या लीगच्या, अंतिम सामन्यात कोलोरॅडोविरुद्ध सिम्सच्या हातून चेंडूमागून चेंडू गेले. राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या लढतीचं दार उघडं होतं. ॲपलव्हाइट उतरला, आल्या आल्या ७९ यार्डांचा टचडाउन पास टाकला (टचडाउन म्हणजे चेंडू समोरच्यांच्या गोललाइनपलीकडे नेणं), पिछाडी भरत आणली, तरी ३९–३७ने हार झाली. मग हॉलिडे बोलला ॲपलव्हाइटला पहिल्यापासून खेळवलं. त्याने ४७३ यार्ड फेकले आणि १९ गुणांची पिछाडी फोडून वॉशिंग्टनला ४७–४३ हरवलं.

पंचवीस वर्षं होत आली, तरी पन्नाशीतले चाहते अजून त्या रात्रीबद्दल तावातावाने बोलतात. मोठ्या आडनावाचा मुलगा आणि समोर लोकांचा लाडका, ही जोडी तेव्हापासूनची आहे. फरक एवढाच, की यूअर्स-मॅनिंगच्या वेळी आडनाव बाकावर होतं आणि लाडकंही तेच होतं.

स्टीव्ह सार्कीसियन आल्यापासून प्रगती झाली की नुसता गवगवा?

प्रगती झाली. यावर वाद घालणाऱ्याने २०२१ आठवावं.

अलाबामात हल्ल्याची सूत्रं सांभाळून, क्वार्टरबॅक मॅक जोन्ससोबत अजिंक्यपद जिंकून सार्कीसियन जानेवारी २०२१मध्ये मुख्य प्रशिक्षक म्हणून ऑस्टिनला आले. पहिल्या हंगामाची सुरुवात क्वार्टरबॅक हडसन कार्डला घेऊन केली, दुसऱ्याच सामन्यात आर्कान्सॉने ४०–२१ धुतलं, मग केसी थॉम्पसन आला. ओक्लाहोमाविरुद्ध २८–७ आघाडी घेऊन ५५–४८ हरले. नोव्हेंबरमध्ये स्वतःच्या मैदानावर कॅन्ससकडून ५७–५६. ओळीने सहा पराभव, हंगाम ५–७.

त्यानंतर २०२२ला ८–५. २०२३ला १२–२: सप्टेंबरमध्ये अलाबामाला त्यांच्याच घरात ३४–२४ हरवलं, बिग ट्वेल्व्ह सोडता सोडता तिचं विजेतेपद घेतलं, आणि प्लेऑफची, म्हणजे राष्ट्रीय अजिंक्यपदासाठीच्या बाद फेरीची, उपांत्य लढत वॉशिंग्टनविरुद्ध ३७–३१ गेली, तीही शेवटचा पास १३ यार्डांवरून टाकताना. २०२४ला, एसईसी (साउथईस्टर्न कॉन्फरन्स) या नव्या लीगमध्ये पाऊल ठेवल्या ठेवल्या, १३–३ आणि पुन्हा उपांत्य फेरी. २०२५ला १०–३, पण प्लेऑफ नाही.

म्हणजे चढ, चढ, चढ आणि मग एक पायरी खाली. या एका पायरीवरून ‘प्रशिक्षक बदला’ म्हणणाऱ्यांची मला गंमत वाटते. मात्र ‘सगळं आलबेल आहे’ म्हणणाऱ्यांनाही एक विचारावंसं वाटतं: मोठ्या सामन्यात, गोललाइनपाशी, हा संघ इतक्या वेळा का अडखळतो? त्यावर पुढे येतोच.

क्विन यूअर्स कोण, आणि लोक त्याच्यावर इतके नाराज का होते?

डॅलसजवळच्या साउथलेकचा मुलगा. शाळेचं शेवटचं वर्ष सोडून २०२१ला ओहायो स्टेटला गेला, तिथे दोन चालींपुरता मैदानात दिसला आणि डिसेंबरात टेक्सासला परतला. २०२२ला कार्डला मागे टाकून त्याने जागा मिळवली. अलाबामाविरुद्ध पहिल्या सत्रात असा खेळत होता की स्टेडियम जागेवर बसायला तयार नव्हतं. तेवढ्यात खांद्यापाशी दुखापत झाली. सामना २०–१९ असा एका गुणाने निसटला.

तेच त्याचं प्राक्तन ठरलं. २०२२ला दुखापत, २०२३ला ह्यूस्टनविरुद्ध खांदा, २०२४ला पोटाच्या कडेचा स्नायू. बरा होऊन येईपर्यंत त्याच्या जागी दुसरा कोणीतरी जिंकलेला असायचा, आणि चाहत्यांना नवं खेळणं मिळालेलं असायचं. संघाला सलग दोनदा प्लेऑफच्या उपांत्य फेरीत नेणारा हा मुलगा एनएफएलच्या निवडीत थेट सातव्या, म्हणजे शेवटच्या फेरीत, २३१वा गेला. त्याच्या टीकाकारांना हे आयतं कोलीत मिळालं. मला विचाराल तर एनएफएल शरीर आणि पुढची दहा वर्षं बघून निवडतं. कॉलेजात त्याने काय दिलं याचं ते प्रगतिपुस्तक नव्हे.

मग २०२४ला मॅनिंगला का उतरवलं नाही? सार्कीसियन यांनी चूक केली का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

१४ सप्टेंबर २०२४ला यूटीएसएविरुद्ध यूअर्स जायबंदी झाला आणि मॅनिंग आला. थोड्याच वेळात त्याने चेंडू घेतला आणि मधल्या फटीतून ६७ यार्ड पळत थेट टचडाउन. सहा फूट चार इंचांचा गडी, मागे कोणी फिरकू शकलं नाही. वर चार टचडाउन पास, सामना ५६–७. पुढचे दोन सामने त्यानेच सुरू केले: लुइझियाना-मनरो ५१–३, मिसिसिपी स्टेट ३५–१३. झालं! गावभर एकच चर्चा.

यूअर्स परतला, ओक्लाहोमाला ३४–३ हरवलं. मग १९ ऑक्टोबरला जॉर्जिया ऑस्टिनला आली. मध्यंतराला ०–२३. दुसऱ्या सत्रात सार्कीसियन यांनी यूअर्सला बसवून मॅनिंगला पाठवलं. काय झालं? जॉर्जियाच्या बचावाने त्यालाही तसंच लोळवलं, चेंडूही हातून सुटला. मध्यंतरानंतर यूअर्स पुन्हा आला आणि त्याने निदान सामना पाहण्यालायक केला, शेवट ३०–१५. (याच सामन्यात एका निर्णयावर भडकून प्रेक्षकांनी मैदानात बाटल्या फेकल्या, पंचांनी निर्णय फिरवला, आणि एसईसीने विद्यापीठाला अडीच लाख डॉलर दंड केला. त्या बाटल्यांचं समर्थन करणारे अजून भेटतात. नमस्कार करून पुढे जावं.)

ज्या बचावासमोर दोघंही कोसळले, तिथे दोष एकट्याच्या हाताचा कसा? मिसिसिपी स्टेटविरुद्धच्या शितावरून जॉर्जियाचा भात शिजलाय की नाही हे कळत नाही. मॅनिंगने ज्यांच्याविरुद्ध चमक दाखवली ते दुबळे संघ होते. यूअर्सला प्लेबुक, म्हणजे चालींची वही, तोंडपाठ होतं, चाल सुरू होण्याआधी लाइनची मांडणी बदलण्याची मुभा होती. प्लेऑफमध्ये क्लेमसनला ३८–२४ हरवलं. पीच बोलमध्ये ॲरिझोना स्टेटविरुद्ध जादा वेळेत, चौथा डाउन आणि १३ यार्ड हवे असताना, यूअर्सने मॅथ्यू गोल्डनला २८ यार्डांचा टचडाउन टाकला. चुकला असता तर हंगाम तिथेच आटोपला असता. तो पास दुसऱ्या वर्षाच्या मुलाने टाकला असता का? कदाचित. पण प्रशिक्षकाला ‘कदाचित’वर हंगाम लावता येत नाही.

एसईसीचा अंतिम सामना मात्र दुसऱ्या बाजूच्या लोकांसाठी राखून ठेवलेला आहे. जॉर्जियाचा कार्सन बेक मध्यंतरालाच जखमी होऊन बाहेर गेला, त्यांचा बॅकअप गनर स्टॉकटन आला आणि जादा वेळेत २२–१९ जिंकून गेला. ‘बघा, बॅकअप काय करू शकतो!’ हे तेव्हापासून इतक्यांदा ऐकलंय की मोजणं सोडून दिलं.

ओहायो स्टेटविरुद्धच्या त्या शेवटच्या चार चालींत नेमकं काय झालं?

१० जानेवारी २०२५, कॉटन बोल, आर्लिंग्टन. टेक्सास १४–२१ मागे. पासमध्ये अडथळा आणल्याबद्दल ओहायो स्टेटला दंड झाले आणि चेंडू गोललाइनपासून एका यार्डावर आला. एक यार्ड म्हणजे तीन फूट, आणि हातात चार संधी.

पहिली चाल: मधून धाव, काहीच नाही. दुसरी: चेंडू बाजूला टाकून क्विंट्रेव्हियन विझनरला कडेने पळवलं, बचाव वाट बघतच होता, सात यार्ड मागे. इथेच सामना गेला. एक यार्ड हवा असताना चेंडू आडवा का पाठवायचा? तिसरी: पास वाया. चौथी: आठ यार्डांवरून यूअर्स मागे सरकला, जॅक सॉयर कडेने आत घुसला, हातातून चेंडू उडवला, तोच उचलला आणि ८३ यार्ड पळत दुसऱ्या टोकाला टचडाउन. २८–१४.

सॉयर हा ओहायो स्टेटमध्ये असताना यूअर्सचा रूममेट होता. असलं कोणी गोष्टीत लिहिलं असतं तर आपण ‘ओढूनताणून आणलंय’ म्हटलं असतं.

त्या शेवटच्या चालीच्या फोटोत यूअर्स खाली पडलेला दिसतो, म्हणून लोकांच्या लेखी तो हरला. माझ्या लेखी सामना दुसऱ्या चालीला हरला, आणि ती चाल कडेला उभं राहून सार्कीसियन यांनी निवडली होती. ‘मॅनिंगला धावायला आणायचं होतं’ हा आक्षेप मात्र मला पटतो. नोव्हेंबरात टेक्सास ए अँड एमविरुद्ध, २०११नंतर पहिल्यांदाच झालेल्या त्या लढतीत, चौथा डाउन आणि दोन यार्ड असताना मॅनिंगलाच आणलं होतं. त्याने १५ यार्ड धावून टचडाउन केला आणि सामना १७–७ जिंकला. हत्यार घरात होतं.

दोघांना आलटून-पालटून खेळवणं का शक्य नसतं?

शक्य असतं, टेक्सासने करूनही बघितलंय. २०१६ला पास टाकायला शेन ब्यूशेल आणि थोडक्या यार्डांसाठी धिप्पाड टायरोन स्वूप्स अशी वाटणी होती. स्वूप्सच्या त्या चालींना ‘एटीन व्हीलर’ म्हणायचे, म्हणजे अठरा चाकांचा ट्रक. नोत्र दामविरुद्धचा विजयी टचडाउन त्याच ट्रकने आणला. हंगाम तरीही ५–७.

थोडक्या यार्डांपुरता दुसरा माणूस आणणं वेगळं आणि दर दोन मालिकांनी क्वार्टरबॅक बदलणं वेगळं. प्रत्येकाची चेंडू सोडायची लय निराळी, आवाज देण्याची पद्धत निराळी. शिवाय एक चूक झाली की बसवणार, हे डोक्यात असलेला मुलगा अवघड पास टाकतच नाही.

२०२५ला मॅनिंग फसला का?

फसला नाही. उशिरा उमलला, आणि तोवर घात झाला होता.

हंगामाआधी एपी वृत्तसंस्थेच्या क्रमवारीत टेक्सास पहिला, विद्यापीठाच्या इतिहासात प्रथमच. ३० ऑगस्टला कोलंबसला ओहायो स्टेटविरुद्ध मॅनिंगचे ३० पैकी १७ पास, १७० यार्ड, एक टचडाउन, एक इंटरसेप्शन (समोरच्याने झेललेला पास). हार १४–७. तिसऱ्या सत्रात पुन्हा एक यार्ड, चौथा डाउन. मॅनिंग स्वतः घुसला आणि अडला. गोललाइन आणि टेक्सास यांचं काय वैर आहे देव जाणे.

दोन आठवड्यांनी यूटेपचा सामना. मी वरच्या मजल्यावर उन्हात बसलो होतो. मॅनिंगचे पास एकामागून एक जमिनीवर आपटत होते. दिवसअखेर २५ पैकी ११. संघ आघाडीवर असूनही स्वतःच्याच प्रेक्षकांतून हुर्यो सुरू झाली. माझ्या पुढच्या रांगेत बाप-लेक होते, दोघांच्या पाठीवर सोळा नंबर, मॅनिंगचाच. पोरगं हुर्यो करायला लागलं तसा बापाने त्याच्या हातातलं नाचोजचं ताट काढून घेतलं. ताट मध्यंतरानंतर परत मिळालं.

मग फ्लोरिडात २९–२१ पराभव, सहा वेळा मॅनिंगला चेंडूसकट आडवं केलं. आता तो लाइनचा मुद्दा. २०२४च्या पाच जणांपैकी चार गेले होते. त्यांतला डावा टॅकल केल्विन बँक्स एनएफएलच्या निवडीत नववा गेला. ज्या मुलाने आधी दोनच सामने सुरू केले होते त्याच्यापुढे नवखी भिंत उभी केली आणि ‘आता गाजव’ म्हटलं. घोडं पेंड खात होतं ते इथे.

ऑक्टोबरच्या शेवटी चित्र पालटलं. मिसिसिपी स्टेटविरुद्ध चौथ्या सत्रात २१–३८ मागे असताना त्याने संघ ओढून आणला, ३४६ यार्ड फेकले. जादा वेळेत डोक्याला मार लागून बाहेर गेला आणि बॅकअप मॅथ्यू कॉल्डवेलने विजयी टचडाउन टाकला, ४५–३८. (लगेच कुजबुज सुरू झालीच की कॉल्डवेल कसा वाटतो! या गावाला बॅकअपचं वेड आहे.) व्हँडरबिल्टला ३४–३१ हरवलं. जॉर्जियाने ३५–१० लोळवलं, ते निराळं. आर्कान्सॉविरुद्ध त्याने टचडाउन फेकले, धावून केला आणि एक तर पास झेलूनही केला, एकूण सहा. तोवर अपराजित असलेल्या ए अँड एमला २७–१७ हरवताना ३५ यार्ड पळत गेला. सिट्रस बोलमध्ये मिशिगनविरुद्ध ४१–२७, त्यात तो एकूण दीडशेहून जास्त यार्ड धावला.

नोव्हेंबरातला मॅनिंग ऑगस्टात हवा होता, एवढंच. पण ऑगस्टातल्या मॅनिंगला सामने मिळाले नसते तर नोव्हेंबरातला कुठून आला असता?

मग २०२४लाच त्याला जास्त सामने दिले असते तर?

हा या वादातला सगळ्यात वजनदार मुद्दा आहे, आणि यूअर्सच्या बाजूने बोलणारे त्याला बगल देतात. यूअर्सला ठेवून २०२४ वाचवलं आणि त्याची किंमत २०२५च्या पहिल्या दोन महिन्यांत मोजली, हे खरं आहे. तरीही मी तोच सौदा केला असता. हाती आलेली उपांत्य फेरी पुढच्या वर्षीच्या भरवशावर सोडायची नसते.

दहा सामने जिंकूनही प्लेऑफ का मिळालं नाही?

समितीने बारा संघ निवडले तेव्हा बोल सामना व्हायचा होता, टेक्सास ९–३ होता. सार्कीसियन यांचं म्हणणं असं, की ओहायो स्टेटऐवजी एखादा लिंबूटिंबू संघ घेतला असता तर १०–२ झालो असतो. अवघड प्रतिस्पर्धी निवडल्याची शिक्षा कशाला? मुद्दा बिनतोड वाटतो, फ्लोरिडा आठवेपर्यंत. फ्लोरिडाने तो हंगाम ४–८ संपवला. कोलंबसची हार कोणीही पोटात घातली असती. फ्लोरिडाच्या गेन्सव्हिलमधली कशी घालणार?

मॅनिंगला जागा आडनावामुळे मिळाली का?

आजोबा आर्ची, काका पेटन आणि इलाय, तिघंही एनएफएलचे क्वार्टरबॅक. त्यामुळे गाजावाजा, जाहिराती आणि पहिल्या दिवसापासून कॅमेरे मिळाले. जागा नाही मिळाली. ती मिळायला दोन हंगाम बाकावर बसावं लागलं. आजच्या काळात, जिथे जागा नाही म्हटल्यावर पोरं महिन्याभरात दुसऱ्या विद्यापीठाची वाट धरतात, तिथे एवढ्या नावाच्या मुलाने थांबणं मला जास्त बोलकं वाटतं.

बॅकअप मुलं सोडून का जातात?

खेळायला मिळावं म्हणून. बदलीचे नियम सैल झाल्यापासून वर्ष वाया न घालवता दुसरीकडे खेळता येतं. कार्ड पर्ड्यूला गेला, थॉम्पसन नेब्रास्काला. मलिक मर्फीने २०२३ला यूअर्स जखमी असताना बीवाययू आणि कॅन्सस स्टेट हे दोन्ही सामने जिंकून दिले आणि हंगाम संपण्याआधीच ड्यूकची वाट धरली. मागे मॅनिंग उभा होता, त्याला दोष कोण देणार?

भारतातून सामने किती वाजता दिसतात?

ऑस्टिनच्या सकाळी ११चा सामना आपल्याकडे रात्री ९:३०ला. दुपारी २:३०चा मध्यरात्रीनंतर १ला. संध्याकाळी ६:३०चा थेट पहाटे ५ला, चहा घेऊन बसावं. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं मागे जातात, मग प्रत्येक वेळेत एक तास मिळवा. ओक्लाहोमाची लढत ऑक्टोबरात डॅलसच्या जत्रेत कॉटन बोल नावाच्या मैदानावर (वरचा सामना नव्हे) असते. मैदानाच्या बरोबर मध्यरेषेवर प्रेक्षक दोन रंगांत विभागलेले असतात. एकच सामना बघायचा असेल तर तो बघा.

२०२६ला क्वार्टरबॅकचा वाद असेल का?

मॅनिंग राहिलाय, त्यामुळे कागदावर नाही. १२ सप्टेंबरला ओहायो स्टेट ऑस्टिनला येते आहे. त्या दिवशी पहिल्या सत्रात दोन पास जमिनीवर पडले, की कागद कोण बघतो! तोवर कोणी विचारलंच तर मी लाइनच्या पाच जागांवर कोण उभे राहणार ते विचारतो. बहुतेकांना पाचांतली दोन नावंही सांगता येत नाहीत, पण बॅकअप क्वार्टरबॅकची उंची तोंडपाठ असते.